नवी पट्टी आणि जुना संगणक

आज ज्या विषयावर चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे, तो प्रथमदर्शनीं निव्वळ कारागिराचा वाटेल. परंतु ज्या घरांत टेबलावर एक संगणक ठेवलेला आहे, त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहणारच. संगणक मंद चालूं लागतो, साधें पत्र उघडावयास दोन दोन मिनिटें लागतात, मुलांचा अभ्यास खोळंबतो. मग कोणी तरी सांगतें, "रॅम वाढवा." रॅम म्हणजे संगणकाची कामापुरती स्मृति. बाजारांतून तिची नवी पट्टी येते, ती बसवून कळ दाबावी तों पडदा काळा! कधीं आंतून टूं टूं असा आवाज येतो, कधीं तोहि येत नाहीं. अशा वेळीं घरांतील मंडळी दोहोंपैकीं एक निष्कर्ष काढून मोकळी होतात. एक तर दुकानदारानें फसविलें, नाहीं तर संगणकच निकामी झाला. माझें म्हणणें एवढेंच कीं, पुष्कळ वेळां या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. नवी पट्टी आणि जुना संगणक यांचें जमलेलें नसतें, इतकेंच. तें कां जमत नाहीं हें शोधण्याची रीत मॅट्रिकच्या गणितापलीकडची नाहीं. हें मी खात्रीनें सांगूं शकतों, कारण माझें स्वतःचें शिक्षण तेवढेंच आहे.

प्रथम एक प्रश्न विचारावा. दुखणें खरोखर स्मृतीचेंच आहे काय? विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत परफॉर्मन्स या सदराखालीं मेमरी हें नांव दिसेल. नेहमीचीं कामें चालू ठेवून तेथील आंकडा पाहावा. तो शेंकडा नव्वदाच्या आसपास घुटमळत असेल, तर रॅम वाढविण्यांत अर्थ आहे. तो पन्नासाच्या पुढें जातच नसेल, तर मंदपणाचें मूळ दुसरीकडे आहे. पुष्कळदां तें जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कमध्यें असतें. तिच्या जागीं एस.एस.डी. बसविल्यानें जो गुण येतो, तो रॅमनें येणार नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, तेव्हांपासून पुष्कळांची समजूत झाली आहे कीं, रॅम वाढविली म्हणजे जुना संगणक विंडोज ११ ला पात्र होतो. विंडोज ११ ची रॅमची किमान मागणी ४ गिगाबाइटच आहे. अडचण असते ती बहुधा प्रोसेसरच्या वयाची आणि टी.पी.एम. या सुरक्षेच्या भागाची, आणि ती पट्टीनें सुटत नाहीं. पैसा खर्च करण्यापूर्वीं एवढा विचार झालाच पाहिजे.

आतां ही स्मृति म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. १९६८ सालीं अमेरिकेंत आय.बी.एम. या कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड यांना एका युक्तीचें पेटंट मिळालें. एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर मिळून एक कप्पा करावयाचा. कपॅसिटरमध्यें विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. आपल्या पट्टीवरील काळ्या चिपांत असे अब्जावधि कप्पे असतात. कपॅसिटरमधील भार गळत असतो, म्हणून तो पुन्हां पुन्हां भरावा लागतो. डीडीआर-४ जातीच्या पट्टींत प्रत्येक कप्पा साधारणपणें ६४ मिलिसेकंदांच्या आंत नव्यानें भरला जातो. वीज गेली कीं सर्व कप्पे रिकामे होतात. एवढ्या वेगानें आणि इतक्या बारकाईनें चालणाऱ्या व्यवहारांत देणारा आणि घेणारा यांची भाषा, गति आणि विजेचा दाब तंतोतंत जुळावा लागतो. सगळ्या तक्रारींचें मूळ येथें आहे.

यांतील पहिला भेद पिढीचा. डीडीआर-३ चें मानक २००७ सालीं, डीडीआर-४ चें २०१२ सालीं आणि डीडीआर-५ चें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. डीडीआर-३ चा दाब दीड व्होल्ट, डीडीआर-४ चा १.२ व्होल्ट आणि डीडीआर-५ चा १.१ व्होल्ट. डीडीआर-३ च्या पट्टीला २४० पिना असतात, पुढील दोहोंना २८८. पिनांची संख्या सारखी दिसली म्हणून डीडीआर-४ च्या जागीं डीडीआर-५ चालेल असें समजूं नये. पट्टीच्या खालच्या कांठावर एक खांच असते, आणि प्रत्येक पिढींत तिची जागा मुद्दाम निराळी ठेवलेली आहे. चुकीची पट्टी बसूंच नये, हा तींतील हेतु. म्हणून पट्टी सहज बसत नसेल तर अंगठ्याचा जोर वाढवूं नये, खांच पाहावी. प्रोसेसरच्या नांवावरूनहि पिढी ठरवूं नये. २०२१ च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरसाठीं कांहीं मदरबोर्ड डीडीआर-४ चे निघाले आणि कांहीं डीडीआर-५ चे. निर्णय मदरबोर्डाच्या नांवावरून करावा. तें नांव बोर्डावर छापलेलें असतें, आणि सी.पी.यू.-झेड नांवाच्या मोफत प्रोग्रॅममध्येंहि सांपडतें.

दुसरा भेद कुळाचा. टेबलावरच्या संगणकाची पट्टी सुमारें १३३ मिलिमीटर लांब असते, लॅपटॉपची त्याच्या निम्म्यानें. हा फरक आंधळ्यालाहि कळेल. परंतु सर्व्हर नांवाच्या मोठ्या यंत्रांतून काढलेल्या पट्ट्या दिसावयास अगदीं आपल्यासारख्याच असतात आणि जुन्या बाजारांत त्या स्वस्तांत मिळतात. त्यांपैकीं ज्यांना रजिस्टर्ड म्हणतात, त्या सामान्य घरगुती मदरबोर्डावर चालत नाहींत. डीडीआर-४ च्या बाबतींत तर त्या खांचेसुद्धां बरोबर बसतात, आणि मग पडदा कां काळा तें कोणाला उमगत नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्यें जुनी पट्टी घेणाऱ्यानें म्हणून लेबल वाचावयास शिकावें. डीडीआर-३ च्या लेबलावर पीसी३-१२८०० यू असें कांहींसें असतें. शेवटचें अक्षर यू असेल तर ती पट्टी आपली, आर असेल तर सर्व्हरची, एस असेल तर लॅपटॉपची. १२८०० हा आंकडाहि उगीच नाहीं. सेकंदाला १६०० दशलक्ष वेळां, दर वेळीं ८ बाइट; १६०० ला ८ नें गुणिलें कीं १२८०० येतात. म्हणजे १६०० ची पट्टी आणि १२८०० ची पट्टी या दोन वस्तु नसून एकच होय.

तिसरा भेद सर्वांत फसवा आहे. तो समजावा म्हणून आमच्या भागांतील एका छोट्या वाचनालयाची हकीकत सांगतों. तेथें पुस्तकांची व वर्गणीदारांची नोंद एका जुन्या संगणकावर होत असे. आंत डीडीआर-३ च्या एक एक गिगाबाइटच्या दोन पट्ट्या आणि वर लिनक्स. गरीब मुलें परीक्षेचे अर्जहि तेथूनच भरीत. संगणक फारच रखडूं लागला, तेव्हां कार्यकारी मंडळानें चार चार गिगाबाइटच्या दोन पट्ट्या आणविल्या. त्या घातल्या कीं पडदा काळा; जुन्या घातल्या कीं यंत्र सुरू. दुकानांत नेल्या तर तेथील यंत्रावर त्या निर्वेध चालत. दुकानदाराचा निकाल असा कीं, पट्ट्या चांगल्या आहेत, तुमचा बोर्ड गेला. नवा संगणक घ्या. नव्या संगणकाला पैसे एकाच ठिकाणीं होते, बालविभागाच्या पुस्तकांसाठीं वर्षभर सांठविलेल्या निधींत. ठराव बहुतेक होणारच होता.

तो होण्यापूर्वीं चिटणीसांनीं मला बोलाविलें. मदरबोर्डावर इंटेलचा जी-४१ हा चिपसेट होता. तो २००८ सालचा. त्याच्या माहितीपत्रकांत लिहिलें आहे कीं, डीडीआर-३ ची एकेक चिप जास्तींत जास्त २ गिगाबिटची असावी. आतां गणित पाहा. ८ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून ४ गिगाबाइट म्हणजे ३२ गिगाबिट. हे ३२ गिगाबिट दोन रीतींनीं होतात. २ गिगाबिटच्या १६ चिपा, किंवा ४ गिगाबिटच्या ८ चिपा. आणलेल्या पट्टींवर १ आर एक्स ८ असें छापलें होतें आणि एकाच बाजूस ८ चिपा होत्या. म्हणजे प्रत्येक चिप ४ गिगाबिटची. जुन्या चिपसेटला ती वाचतांच येत नव्हती. दुकानांतील नवीन यंत्राला येत होती, म्हणून तेथें ती चालली. दोष पट्टीचा नव्हता, बोर्डाचाहि नव्हता आणि दुकानदारानें लबाडीहि केली नव्हती. हें त्याला कागदावर मांडून दाखविल्यावर त्यानें सौजन्यानें २ आर एक्स ८ छापलेल्या, दोन्ही बाजूंस मिळून १६ चिपांच्या पट्ट्या बदलून दिल्या. संगणकानें ८ गिगाबाइट दाखविले आणि बालविभागाचीं पुस्तकें त्या वर्षीं वेळेवर आलीं.

हाच नियम थोडा पुढेंहि लागतो. डीडीआर-३ च्या काळांतील इंटेलच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या घरगुती प्रोसेसरांना एका पट्टींत ८ गिगाबाइटपेक्षां अधिक चालत नाहीं. शिवाय केवळ ए.एम.डी. साठीं म्हणून कांहीं स्वस्त पट्ट्या विकल्या जातात. त्यांतील चिपांची रचना निराळी असल्यामुळें त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहींत. म्हणून किती गिगाबाइट, एवढेंच विचारून पट्टी घेणें म्हणजे केवळ उंची सांगून सदरा शिवून घेण्यासारखें आहे.

आतां जुनी पट्टी राहूं देऊन शेजारीं नवी घालावी काय? पिढी आणि कूळ एक असेल तर घालावी, बहुधा चालते. मात्र कवायतींत जशी सर्व रांग सर्वांत मंद मुलाच्या पावलानें चालते, तशा सर्व पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या गतीनें चालतात. शक्य तर एकाच पाकिटांतील जोडी घ्यावी, आणि ती कोणत्या दोन स्लॉटांत बसवावयाची तें बोर्डाच्या पुस्तिकेंत पाहावें. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, अशी पुष्कळ बोर्डांची अपेक्षा असते. पट्टीवर ३२०० लिहिलें आणि संगणक २४०० दाखवितो, म्हणून घाबरूं नये. वरची गति मिळण्यासाठीं बायोसमध्यें जाऊन एक्स.एम.पी. ही सोय चालू करावी लागते, ए.एम.डी. च्या डीडीआर-५ बोर्डांवर तिला एक्स्पो म्हणतात. प्रोसेसरची किंवा बोर्डाची मर्यादा कमी असेल तर ती तेथेंच थांबते. त्यांत कांहीं बिघाड नाहीं.

कधीं पट्टी बसते, संगणक चालतो, परंतु ८ गिगाबाइट घालूनहि सवातीनच वापरावयास मिळतात. याचें कारण बहुधा ३२ बिटांचें विंडोज. दोनाचा बत्तिसावा घात काढला तर ४२९ कोटि ४९ लक्ष ६७ हजार २९६ येतात. तितक्याच बाइटांचे पत्ते त्या पद्धतींत लिहितां येतात, आणि त्यांतलेहि कांहीं इतर भागांसाठीं राखलेले असतात. उपाय पट्टी बदलणें हा नसून ६४ बिटांची प्रणाली घालणें हा आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. सर्वांत आधीं महत्त्वाच्या कागदपत्रांची आणि छायाचित्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. ही पायरी कोणीहि गाळूं नये. मग संगणक बंद करून भिंतींतील प्लग काढावा आणि सुरू करण्याची कळ पांच-दहा सेकंद दाबून धरावी, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगांतील स्थिर विजेचा भार घालवावा. पट्टी कांठानें धरावी, पिवळ्या पिनांना बोटें लावूं नयेत. स्लॉटचे चाप उघडून खांच जुळवावी आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. चाप आपोआप वर येऊन बसतो आणि टक् असा आवाज होतो. कांहीं बोर्डांना एकाच बाजूस चाप असतो, तेथें दुसरें टोक पूर्ण बसलें कीं नाहीं तें विशेष पाहावें. अर्धवट बसलेली पट्टी हें काळ्या पडद्याचें अगदीं नेहमींचें कारण आहे.

तरीहि यंत्र सुरू न झालें तर धीर धरून क्रमानें जावें. वर्गांत गडबड झाली म्हणजे सगळ्यांना शिक्षा करून गुन्हेगार सांपडत नाहीं. एकेकाला विचारावें लागतें. येथेंहि तसेंच. नवी पट्टी काढून केवळ जुनीवर यंत्र चालतें काय तें पाहावें. चाललें तर बोर्ड धड आहे. मग जुनी काढून एकटी नवी पट्टी त्याच स्लॉटांत घालावी. तेथें ती चालली तर तिला इतर स्लॉटांत एकेकदां घालून पाहावें, म्हणजे वाईट स्लॉट असेल तर तो कळेल. दोन्ही पट्ट्या एकेकट्या सर्वत्र चालतात आणि एकत्र चालत नाहींत, असें ठरलें तर तो स्वभावाचा विरोध. तेथें गति कमी करून पाहावी, नाहीं तर जोडी बदलावी. दर वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम कागदावर लिहून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला हें कधींच कळत नाहीं.

मध्यंतरीं तीन लहान उपाय करून पाहावे. जुन्या पट्टीच्या पिना मळलेल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनें ओलें केलेलें मऊ फडकें हलक्या हातानें फिरवावें आणि पूर्ण वाळूं द्यावें. दुकानांतून खोडरबर फिरवितात. तें वापरलेंच तर कण पूर्णपणें झटकून टाकावे. दुसरा उपाय बायोसच्या नोंदी पुसण्याचा. बोर्डावर रुपयाएवढी गोल बॅटरी असते. प्लग काढलेला असतांना ती कांहीं मिनिटें काढून पुन्हां बसवावी, म्हणजे जुनी हटवादी गति विसरली जाते. तिसरा उपाय बायोसची नवी आवृत्ति घालण्याचा. परंतु ती घालतांना वीज गेली तर बोर्डच अडून बसण्याचा धोका असतो, म्हणून तो जाणत्यावर सोंपवावा. आणि डीडीआर-५ च्या संगणकाविषयीं एक इशारा. नवी पट्टी घातल्यावर पहिल्या वेळीं तो तिची चांचणी घेत कित्येक मिनिटें काळ्या पडद्यानें स्वस्थ बसूं शकतो. त्या वेळीं घाईनें वीज तोडूं नये.

शेवटीं ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय मुख्यतः घेतला, ती सांगतों. जी पट्टी मुळींच चालत नाहीं ती एका अर्थीं प्रामाणिक होय. ती आपलें कांहीं बिघडवीत नाहीं. भीति आहे ती अर्धवट चालणाऱ्या पट्टीची. संगणक सुरू होतो, सर्व ठीक दिसतें, परंतु अब्जावधि कप्प्यांतील एखादा कप्पा एकाचें शून्य करतो. कधीं निळा पडदा येऊन यंत्र थांबतें, तेव्हां निदान कळतें तरी. पण कधीं तो चुकलेला आंकडा तसाच डिस्कवर लिहिला जातो. हिशेबाची वही उघडेनाशी होते, किंवा उघडते आणि चुकीची असते. लग्नांतील छायाचित्रावर खालपर्यंत करडा पट्टा येतो. वर्षानें हें ध्यानांत आलें तर तोंवर चांगल्या प्रतीवरहि वाईट प्रत चढलेली असते. म्हणून नवी पट्टी बसविल्यावर तिची परीक्षा घेतल्यावांचून तिला घरांत घेऊं नये. मेमटेस्ट८६ प्लस हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. तो पेन ड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू करावा आणि रात्रभर चालूं द्यावा. सकाळीं चुकांचा आंकडा शून्य पाहिजे. येथें पस्तीस गुणांना उत्तीर्ण होत नाहीं; एक चूकहि नापास. चूक आली तर प्रथम एक्स.एम.पी. बंद करून पुन्हां परीक्षा घ्यावी. तरीहि आली तर पूर्वींच्याच रीतीनें एकेक पट्टी आणि एकेक स्लॉट तपासून दोषी निश्चित करावा. पट्टी सदोष ठरली तर हमीच्या मुदतींत बदलून घ्यावी. परीक्षा पहिल्याच आठवड्यांत झाली पाहिजे ती यासाठींच, आणि पावतीहि जपून ठेवावी.

श्रोतेहो, २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमच्या किंमती झपाट्यानें चढल्या, हें ज्यांनीं खरेदी केली त्यांना माहीत आहे. महाग वस्तु घेतांना तीन गोष्टी कागदावर लिहून दुकानांत जावें: मदरबोर्डाचें नांव, जुन्या पट्टीवरील लेबल जसेंच्या तसें, आणि किती स्लॉट रिकामे आहेत तो आंकडा. चालली नाहीं तर बदलून देणार ना, हें पैसे देण्यापूर्वींच विचारावें. असें विचारण्यांत संकोच कसला? आणि काढलेली जुनी पट्टी फेंकूं नये. कागदांत गुंडाळून, वर नांव लिहून ठेवावी. पुढें कधीं यंत्र अडलें तर बोर्ड धड आहे कीं नाहीं हें तिच्याइतकें खात्रीनें दुसरें कोणी सांगणार नाहीं.